पुसायची राहिलेली खूण

त्या बाईने अंगठा जिभेला लावला आणि सरळ टाचणीबाईच्या गळ्याखाली घासायला सुरुवात केली. टाचणीबाईने त्या वेळी ओठांत टाचण्यांची रांग धरली होती, म्हणून ती बाई वाचली.

"शाई लागलीय हो तुम्हाला इथे," बाई मायेने म्हणाली आणि तिने आणखी जोर लावला. "चांगलीच मुरलीय की! निघत कशी नाही?"

टाचणीबाईने तिचं मनगट धरून बाजूला केलं, पुन्हा गुडघ्यांवर बसून तिच्या झग्याची कड पुरी टाचली आणि मग तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. तोवर बोलायची वेळ निघून गेली होती. परक्या बाईची थुंकी आपल्या छातीवर घासून घ्यायची आणि वर तिचंच काम बिनबोभाट करून द्यायचं, ही कुठली रीत? बरं, ही काही पहिली नव्हती. एकाने रुमाल पुढे केला होता. शेजारच्या चाव्या करणाऱ्याने तर भलेपणाने स्पिरिटची बाटलीच आणून दिली होती.

कपड्यांच्या दुरुस्तीचं तिचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक मशीन, इस्त्रीचं टेबल आणि पडद्याआड एक उभा आरसा. नवीन कपडा ती शिवत नसे. दुसऱ्यांनी शिवलेलं, फसलेलं, सैल झालेलं, आखूड पडलेलं तिच्याकडे यायचं आणि अंगाला बसून परत जायचं. टाचणीबाई हे नाव तिला गिऱ्हाइकांनीच दिलेलं. ओठांत कायम टाचण्या, आणि त्या काढल्या की बोलणंही तसंच. पण दिवसातला बराच वेळ टाचण्या ओठांतच असल्यामुळे तिचा बराचसा राग आतल्या आत जिरून जायचा. निदान तिला तसं वाटायचं.

तो ठिपका शाईचाच होता, एवढं मात्र खरं. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो झाली आणि मग रेडिएशन सुरू व्हायच्या आधी तिला एका गारेगार खोलीत टेबलावर झोपवलं. हात डोक्यावर घ्यायला लावले, भिंतींतून निघणाऱ्या लाल रेघा अंगावर जुळवल्या. "एक छोटीशी खूण करतो हं," असं कुणीतरी म्हणालं. शाईचा थेंब, त्यावर सुईची टोच. एक ठिपका छातीच्या मधोमध, दोन दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर. टाचणीबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. खुणा केल्याशिवाय काम सरळ होत नाही, हे तिला दुसऱ्या कुणी कशाला सांगायला हवं? तीही दिवसभर खडूने खुणा करते, कच्चा दोरा घालते, त्यावर पक्की शिवण मारते. आणि शेवटी कच्चा दोरा उसवून, खडू झटकून, इस्त्री फिरवूनच कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देते. म्हणून उपचारांच्या शेवटच्या दिवशी कपडे घालता घालता तिने सहज विचारलं, "आता या खुणा कधी पुसणार?"

खोलीतले सगळे हसले. वाईट नव्हे, प्रेमळच हसले, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"अहो, ते गोंदण आहे. कायमचं असतं ते."

"कायमचं?"

"जिंकल्याची खूण समजा!"

जिंकल्याची खूण म्हणे! खडूचे फराटे तसेच ठेवून तिने एखाद्याला कोट दिला असता आणि वर "ही माझ्या मेहनतीची खूण समजा" म्हणाली असती, तर गिऱ्हाइकाने तो कोट तिच्या तोंडावर फेकला असता. खूण पक्की का लागते, ते तिला समजावल्यावर लगेच पटलं. रोज आंघोळ करायची, आणि किरण मात्र रोज त्याच जागी पडायला हवेत. पण मग आधी सांगायला जीभ झडली होती का? "बाई, ही जन्मभर राहणार आहे, चालेल ना?" एवढंच विचारायचं होतं. तेव्हा तर ती हात डोक्यावर घेऊन अर्धी उघडी पडली होती, काहीही चालवून घेतलं असतं तिने. पण विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि हो आपण म्हटलेलं असतं.

घरी हे बोलायची सोय नव्हती. नणंद आली की दारातूनच सुरू व्हायची. "वहिनी, तुम्ही किती नशीबवान! लोकांचं काय काय होतं! आणि तुम्ही एका ठिपक्यासाठी तोंड पाडून बसता?" यावर काय बोलणार? नशीबवान माणसाने तक्रार केली की तो कृतघ्न ठरतो. टाचणीबाई मुकाट्याने बटणं लावत बसायची.

आणि नवरा? नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्या तरी इमारतीत माणसं अडकली की त्याचा फोन वाजायचा, आणि तो जिन्याने धावत वर जाता जाताच त्या अडकलेल्यांशी बोलायचा. "घाबरू नका. सगळं ठीक आहे. मी आलोच." आवाज असा शांत, की आतली माणसं आपोआप गप्प होत. धंद्यात हे फार उपयोगाचं. पण गाठीचा रिपोर्ट हातात पडला तेव्हाही तो याच आवाजात म्हणाला, "घाबरू नकोस. सगळं ठीक आहे." उशीवर केसांचा पुंजका राहिला तेव्हाही, सगळं ठीक आहे. ती रात्रीचं जेवण ओकून न्हाणीघराच्या फरशीवर बसली होती तेव्हाही बाहेरून तोच आवाज. कधी कधी तिला वाटे, हातातली कात्री फेकून मारावी.

गळाबंद कपडे घालून घालून इस्त्रीच्या वाफेत ती उकडून निघाली, आणि एक दिवस तिने ठरवलं की ही खूण काढायची. जिथे ती झाली होती तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. कातडी पुरती निवली आहे, हरकत नाही, असं ते म्हणाले. चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लेझरने टॅटू काढणारी एक डॉक्टरीण बसायची. तिने ठिपके पाहिले आणि म्हणाली, "निघतील. दोन-तीनदा यावं लागेल. गरम इलॅस्टिकचा फटका बसल्यासारखं दुखतं. बधिर करायचं मलम लावू, पण थोडं जाणवणारच."

"दुखण्याची सवय आहे मला," टाचणीबाई म्हणाली. ही बढाई नव्हती. गाठ डावीकडची होती, हृदयाच्या अंगाला, त्यामुळे रेडिएशनच्या वेळी तिला छाती फुगवून श्वास रोखावा लागायचा. छतातल्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज यायचा. श्वास घ्या. रोखा. मग यंत्र गुणगुणायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. आणि मग केव्हातरी तोच आवाज म्हणायचा, सोडा. तिथल्या लोकांनी तिची इतर पेशंटांना उदाहरणं दिली होती, इतकी ती स्थिर पडून राहायची.

पहिल्या दिवशी मलम लागलं, वर प्लास्टिक चिकटलं, ती बाहेरच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसून राहिली. मग आत बोलावणं आलं. टेबलावर आडवी होताच तिचे हात आपले आपण डोक्यावर गेले.

"हात खाली असू द्या," डॉक्टरीण म्हणाली आणि तिच्या डोळ्यांवर काळा गॉगल चढवला.

अंधार झाला. कुठेतरी यंत्र गुणगुणू लागलं. डॉक्टरीण बटणं दाबत राहिली, कसलं तरी माप जुळवत राहिली. मग फटका बसला. गरम इलॅस्टिक म्हणे! तापलेल्या इस्त्रीवरून उडालेलं पाणी कुणी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा शिंपडावं, असं ते होतं. सोबत मांस करपल्यासारखा वास. "ठीक आहे ना?" डॉक्टरणीने विचारलं. टाचणीबाई हलली नाही आणि बोलली नाही. आणखी फटके बसले. कानांत घूं घूं होऊ लागलं, हातापायांना मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही.

शुद्ध आली तेव्हा तिचे पाय उशीवर होते आणि नवरा साखरेचं पाणी घेऊन उभा होता.

"घाबरलात तुम्ही," डॉक्टरीण म्हणाली. "होतं असं काही जणांना. झेपत नसेल तर राहू द्या ना. ठिपका तर आहे एवढासा."

"हो ना," नवरा म्हणाला. "कशाला उगाच जिवाला त्रास? सगळं ठीक आहे."

टाचणीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाबरले? मी? पण जिभेवर साखर चिकटली होती आणि पाय अजून उशीवर होते. अशा वेळी भांडण करता येत नाही. ती नवऱ्याचा हात धरून जिना उतरली. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "जाऊ द्या वहिनी, सगळ्यांनाच कुठे सोसतं?" टाचणीबाईने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि ती आत जाऊन बसली. सगळ्यात वाईट म्हणजे, तिला स्वतःलाही कळत नव्हतं की आपल्याला झालं काय. एवढं मोठं दुखणं निमूट काढलं आणि एका ठिपक्यापुढे आपण हातपाय गाळले? मग त्या वेळचं सोसणंही खोटंच होतं का? दोन आठवडे तिने शिवण वाकडी घातली, उसवली, पुन्हा वाकडी घातली.

उत्तर दुकानातच चालत आलं. एक जाडजूड गृहस्थ कोट घेऊन आले, लेकीच्या लग्नात घालायला. कोट जुना, पोट नवीन. टाचणीबाईने कमरेभोवती टेप टाकला आणि गृहस्थांनी पोट आत ओढलं. सगळेच ओढतात. बारीक असो की जाड, टेप अंगाला लागला की माणूस श्वास रोखून उभा राहतो, आणि मग "झालं, सोडा" असं कुणी म्हणेपर्यंत सोडत नाही. हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की तोंडात टाचण्या असतानाही ती दातांतून तेवढा शब्द काढायची. त्या दिवशी मात्र ती खडू शोधण्यात गुंतली. वर पाहते तर गृहस्थांचा चेहरा जांभळा पडत चाललेला, डोळे आरशात खिळलेले.

"अहो, सोडा की!"

गृहस्थांनी श्वास सोडला आणि एक बटण उडून आरशावर आपटलं.

टाचणीबाई टेप हातात धरून तशीच बसली. काळा गॉगल. गुणगुणणारं यंत्र. तिने श्वास घेतला होता आणि रोखला होता, फटका बसायच्याही आधीपासून. आणि ती वाट पाहत होती. त्या स्पीकरमधल्या बाईची. चपलांच्या दुकानावरच्या त्या खोलीत तशी बाईच नव्हती, आणि सोडा म्हणायचं कुणाच्या लक्षातही येणार नव्हतं.

"काय झालं हो?" गृहस्थांनी विचारलं.

"घाबरट नव्हते मी," ती म्हणाली. तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या त्याचं तिला भान नव्हतं. "मी ऐकत होते! सांगितलेलं ऐकायची मला एवढी सवय लावून ठेवलीय त्या रेडिएशनवाल्यांनी, की श्वास घ्यायलाही परवानगी लागते मला!"

गृहस्थ बिचारे कोट तिथेच टाकून निघाले. बटण मात्र तिने दुसऱ्या दिवशी नीट लावून दिलं.

पुढच्या वेळी ती टेबलावर आडवी व्हायच्या आधी बोलली. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. डॉक्टरणीने ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला. "अरे देवा. मला वाटलं तुम्ही शांत पडून आहात. मीच पुन्हा विचारायला हवं होतं." मग थोडा विचार करून म्हणाली, "असं करा, बोलत राहा. माणूस बोलत असला की श्वास रोखत नाही."

"बोलू काय?"

"काहीही. दुखलं की शिव्या द्या."

"मोठ्याने?"

"इथे लोक रडतात, ओरडतात. मी काही मनावर घेत नाही."

गॉगल चढला. यंत्र गुणगुणू लागलं. छाती आपली आपण फुगली, आणि तिने जबरदस्तीने तोंड उघडलं.

"अंगठा!" पहिल्या फटक्याला ती ओरडली. "थुंकी लावून घासते! मी काय पाटी आहे का शाळेतली?" दुसरा फटका. "जिंकल्याची खूण म्हणे! तुमच्या कपाळावर काढा ना जिंकल्याची खूण, मग हसा!" तिसरा. "आणि ती वरची बाई! रोखा म्हणते! एकदा तरी विचारलंस का गं, की बाई, थांबायचंय का तुला?" मग फटके मोजायचे राहूनच गेले. नणंदेचं नशीब निघालं, गळाबंद कपडे निघाले, दुखऱ्या बगलेत उशी दाबून काढलेल्या रात्री निघाल्या. दुखत होतं, चांगलंच दुखत होतं, पण प्रत्येक वेळी दुखण्याला बाहेर जायला वाट होती. कपाळावर घाम आला होता आणि आवाज चढत होता.

"आणि बाहेर बसलाय ना तो माणूस!" ती कडाडली. "सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे! काय ठीक होतं? मी मरत होते! मी मरत होते आणि हा माणूस मला लिफ्टमध्ये अडकलेली बाई समजत होता! एकदाही म्हणाला नाही की मलाही भीती वाटते! एकदा नाही! मी एकटीने भ्यायचं आणि यांनी जिन्यात उभं राहून धीर द्यायचा!"

"झालं," डॉक्टरीण म्हणाली. "कधीच झालं खरं तर. तुम्ही बोलत होतात म्हणून थांबले."

ठिपक्याच्या जागी पांढरा फोड उठला होता, मुगाच्या दाण्याएवढा. दार लाकडी फळीचं होतं आणि पातळ होतं. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं आपापल्या चपलांकडे पाहत होती. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि भिंतीवर पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

घरी जाताना तिने माफी मागितली नाही, कारण तिला वाईट वाटत नव्हतं. थोडं वाटलं, पण त्यापेक्षा हलकं जास्त वाटत होतं. खपली धरली, पडली, मधला ठिपका फिका राखाडी झाला, आणि एवढ्या आठवड्यांत नवऱ्याने घरात एकदाही "सगळं ठीक आहे" म्हटलं नाही. म्हणायची वेळ यायची, तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. तिला त्याची दया यायला लागली, मग दया आली याचाच राग आला.

तिसऱ्या वेळी मधल्या ठिपक्यावर शेवटचा हात आणि बाजूचे दोन. दारात नवरा अडखळला.

"मी येऊ का आत?" त्याने विचारलं. तिला नव्हे, डॉक्टरणीला.

"मला विचारा," टाचणीबाई म्हणाली.

"येऊ?"

"या."

डॉक्टरणीने त्यालाही गॉगल दिला आणि भिंतीशी उभं केलं. या वेळी टाचणीबाईकडे बोलायला फारसं उरलं नव्हतं. मधल्या ठिपक्याला तिने सवयीने अंगठेवालीचा उद्धार केला, उजव्या बरगडीला बसच्या गर्दीचा. बरगडीवर जास्त लागतं, डोळ्यांतून पाणीच आलं, पण श्वास चालू होता. मधेच तिला जाणवलं की खोलीत काहीतरी कमी आहे. नवऱ्याच्या नाकाला जन्माचा चोंदलेपणा. त्याच्या श्वासाचा आवाज झोपेतही तिच्या कानांत असायचा, आणि आता तो नव्हता.

तिने गॉगल वर सरकवला. डॉक्टरणीने घाईघाईने यंत्राचा हात वर उचलला. नवरा भिंतीला पाठ लावून उभा होता, दोन्ही मुठी आवळलेल्या, छाती फुगलेली, चेहरा त्या कोटवाल्या गृहस्थांसारखा जांभळा.

"अहो! श्वास सोडा! तुम्हाला कुणी सांगितलंय रोखायला?"

त्याने सोडला. सोडता सोडता त्याच्या घशातून असा काही आवाज आला की डॉक्टरणीने स्टूल पुढे केलं, आणि तो त्यावर बसलाच. गॉगल काढला नाही त्याने. गॉगलच्या खालून पाणी गालांवर आलं.

"मी फार घाबरलो होतो," तो म्हणाला. हा लिफ्टवाला आवाज नव्हता. हा आवाज तिने त्याच्या आईच्या मरणानंतर ऐकला नव्हता.

"आत्ता? या फटक्यांना?"

"नाही गं. तेव्हा. सगळा वेळ."

टाचणीबाईला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. एवढे दिवस तिच्या शेजारी हा माणूस भीतीने गोठून झोपत होता, आणि पलंगाच्या दुसऱ्या काठावर ती, आपण एकटीच घाबरट म्हणून लाजत होती!

"मग हे तेव्हा सांगायचं ना मला!" तिचा आवाज फाटला. "दोघं मिळून घाबरलो असतो!"

डॉक्टरीण यंत्राचा हात धरून अवघडून उभी होती. "डावीकडचा एक राहिलाय," ती हळूच म्हणाली. "मलमाचा असर जाईल. करून टाकू?"

"थांबा जरा," टाचणीबाई कोपरावर उठून बसली आणि अंगावरची चादर तिने खांद्यापर्यंत ओढली. "जाऊ दे असर. आधी ह्यांना बोलू द्या." मग ती नवऱ्याकडे वळली. "हं, सांगा. पहिल्यापासून सांगा. आणि मधेच सगळं ठीक आहे म्हणालात, तर याद राखा."

त्याने नाक पुसलं, एक श्वास घेतला आणि रिपोर्ट हातात पडला त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. डॉक्टरणीने यंत्राचं बटण बंद केलं.